तेराच्या खाली पंधरा

कवठे येमाई, ता. शिरूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

स्नेहलताई यांस,

खंडू कोळपेचा नमस्कार. घरी तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो.

ओळख पटावी म्हणून लिहितो. पुण्याला भूगर्भशास्त्राच्या डिपार्टमेंटमध्ये तुम्ही पीएच.डी. करत होता, तेव्हा स्टोअर सांभाळणारा आणि फील्डला सामान घेऊन येणारा मदतनीस तो मी. तुम्ही मला मामा म्हणायचात. माझी भाची सविता केडगावला दिली आहे, तिची मुलगी अकरावीला तुमच्या वर्गात आहे. भूगोलाच्या मॅडम नदीचं फार चांगलं शिकवतात असं ती घरी सांगते. नाव विचारलं तर तुमचं निघालं. म्हणून कॉलेजच्या पत्त्यावर लिहितोय. सवितानं फोन नंबरही दिला होता. तीनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. फोनवर समोरचं माणूस बोलायला लागलं की माझं राहून जातं.

मला रिटायर होऊन आता तीन वर्षं होतील. गावाकडंच असतो. डाळिंबाची बाग होती, ती रोगानं गेली, आता नुसता कांदा. चार शेळ्या होत्या, त्यातली एक बिबट्यानं मागच्या महिन्यात भर दुपारी नेली. आता उसाच्या कडंनं कुणी एकटं जात नाही. माझ्या बायकोचे, सखूबाईचे, गुडघे गेले. माझे अजून आहेत, पण जिना चढताना आवाज येतो. बाकी बरं चाललंय म्हणायचं.

डिसेंबरात डिपार्टमेंटमधून बोलावणं आलं. जुनी इमारत पाडणार आहेत, त्यामुळं तळघरातलं स्टोअर रिकामं करायचं आहे आणि कुठली पेटी कुठल्या कामाची हे तिथं आता कुणालाच सांगता येत नाही. नव्या हेड पूनम मॅडमनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "काका, तुम्ही आलात तर बरं होईल, नाहीतर सगळं टाकून द्यावं लागेल." टाकून द्यायचं म्हटल्यावर मी गेलो. आठ दिवस होतो.

कृष्णेच्या मुखाकडचं सामान आतल्या खोलीत होतं. तुम्ही केलेल्या याद्या पेट्यांना तशाच चिकटवलेल्या आहेत. शाई उडाली पण वाचता येतं. मला ते सगळं आठवलं. तिकडं आंध्रात अवनिगड्ड्याच्या पुढं समुद्राजवळ नारळीच्या बागेत लावलेलं ते बोअरचं मशीन, मीटर मीटरचे लोखंडी पाइप, आणि वर येणारा तो काळा चिखल. पहिल्याच दिवशी तुम्ही चिमूटभर चिखल बोटावर घेऊन म्हणाला होतात, "मामा, ही आपलीच माती. तुमच्या घोडेचं पाणी भीमेला मिळतं, भीमा आमच्या नानगावावरनं जाते, पुढं कृष्णेला मिळते. कवठ्याच्या रानातली माती वाहत इथवर आलीये." मी हसलो होतो. मग तुम्ही समजावलं होतं की वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते मशीन सांगतं. कण गाडला गेला की त्याचं मोजमाप सुरू होतं आणि परत उजेड लागला की पुसून जातं. म्हणून पाइप दोन्ही तोंडांनी बंद करायचा आणि पुण्याला अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखालीच उघडायचा. कुठल्या खोलीवर किती हजार वर्षांची वाळू आहे ते कळलं, की तिथं समुद्र कधी होता, नदीनं त्याला मागं कधी रेटलं, वर पाऊस कधी कमी झाला, रानं कधी उघडी पडली, हे सगळं लावता येतं. मला शाळा दहावीपर्यंत. पण हे मी नंतर कितीतरी जणांना असंच सांगितलं, तुमचेच शब्द वापरून.

स्टोअरमध्ये वरच्या फळीवर काही पिशव्या सापडल्या. त्याबद्दल लिहायचं होतं. पण पत्र लांबलं, आणि आत्ता सखूबाई जेवायला बोलावते आहे.

तुम्ही तिकडं सुखी असाल तर मला तेवढंच पुरे आहे. पत्र पोचलं एवढं कळवा.

आपला,
खंडू कोळपे

⁂

कवठे येमाई
९ फेब्रुवारी २०२५

स्नेहलताई यांस,

तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात: "मामा, पत्र पोचलं. पिशव्यांबद्दल लिहायचं होतं, ते लिहिलं नाहीत." मी ते कार्ड दहा दिवस भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं. येता-जाता दिसायचं. आज लिहायला बसलो. आज उठेपर्यंत संपवतो.

त्या वेळचं तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मी माझ्या बाजूनं पहिल्यापासून लिहितो. नाहीतर मधलं काहीतरी गाळायची मला सवय आहे.

फेब्रुवारी २०१०. बोअर तेरा मीटरपर्यंत गेलं होतं. तुमचा नियम असा होता, की पाइप वर आला की जमिनीवर ठेवायच्या आधी त्याच्यावर नंबर आणि वरच्या बाजूचा बाण काढायचा. तेरा नंबरपर्यंत मी तसंच केलं. त्या दुपारी तुम्ही बागेच्या दुसऱ्या टोकाला उंची मोजत होता. चौदावा पाइप आला, तोंडं बांधली, ठेवला. लगेच पंधरावा आला. म्हटलं, दोन्हीवर एकदमच नंबर घालू. तेवढ्यात फोन वाजला. सखूबाईचा होता, पण तिथं रेंज नव्हती, म्हणून मी बांधावर गेलो. ती म्हणाली, ऑफिसातनं निरोप आलाय, तुमची पर्मनंटची फाइल निघाली, सोमवारी कागद घेऊन या. एकोणीस वर्षं मी रोजंदारीवर होतो, ताई. मी बांधावर उभा राहून तिला तेच तेच परत विचारत होतो. पाच-सात मिनिटं गेली असतील.

परत आलो तर मशीनवाल्यांनी जागा करायला दोन्ही पाइप बाजूला लोटलेले. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, कळेना. बाण दोन्हीवर नव्हते. एकाच्या तोंडाशी चिखल जरा जास्त ओला दिसला. मी मनानं ठरवलं हा खालचा. त्याच्यावर पंधरा घातलं, दुसऱ्यावर चौदा. पाइपाच्या खालच्या तोंडाला धार असते, त्यावरून बाण तेवढे नीट काढले. तुम्ही आलात आणि विचारलंत, "झालं का मामा?" मी म्हणालो, झालं.

तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता, आणि शेजारी नवीन बोअर घेतलं असतं. एक दिवस गेला असता. एवढंच झालं असतं.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चौदाची वाळू सात हजार वर्षांची निघाली आणि तिच्याखालची पंधराची, जी आणखी जुनी असायला हवी, ती तीन हजारांची. तुम्ही तीनदा मोजलंत. तीनदा तेच आलं. मी रोज संध्याकाळी त्या अंधाऱ्या खोलीच्या बाहेरून जायचो आणि आत तुमचा लाल दिवा लागलेला असायचा.

मग जुलै २०११ ची ती मीटिंग. बाहेरचे दोन सर आले होते. मी चहा घेऊन आत आलो तेव्हा तुम्ही सांगत होता की मोजणी बरोबर आहे, नंबरच चुकले असले पाहिजेत. तुमच्या गाईड अनुपमा मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "खंडू, नंबर तूच घातले होतेस ना? बरोबर होते?"

मी म्हणालो, "होय मॅडम. बरोबर होते."

त्यानंतर त्यातले एक सर म्हणाले की मग खोलीत उजेड तरी शिरला असेल, नाहीतर आकडे घरी बसून लिहिले असतील. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तुम्ही फक्त वाट बघत होता, की मी आणखी काही बोलतो का. मी ट्रे उचलला आणि बाहेर आलो. पर्मनंटच्या फाइलवर शेवटची सही त्या महिन्यात राहिली होती. ऑगस्टात ती झाली. त्याच महिन्यात तुमची स्कॉलरशिप बंद झाली.

आता पिशव्यांचं. पाइप उघडताना दोन्ही टोकांची बोटभर माती उजेड लागलेली असते, म्हणून ती काढून तुम्ही नंबर घालून पिशवीत ठेवायचात. मीटिंगच्या आधी तुम्ही मला म्हणाला होतात, "मामा, तेरा, चौदा आणि पंधराच्या पिशव्या काढून द्या, टोकं जुळतात का बघते." मी म्हणालो, बघतो. बघितलं नाही. त्या वरच्या फळीवर होत्या, हात पुरत होता. पुढं तुम्ही गेलात, आणि कुणी विचारलं नाही.

डिसेंबरात मी त्या खाली घेतल्या. माती वाळून भुगा झालेली. 'तेरा, खालचं टोक' असं लिहिलेल्या पिशवीत करंगळीएवढं एक काळं लाकूड निघालं. कसलंतरी मूळ असावं, मोडलेलं. मी 'चौदा, वरचं टोक' उघडली. तिच्यात नुसते शिंपल्यांचे तुकडे. मग 'पंधरा, वरचं टोक' उघडली. तिच्यात त्याच मुळाचा दुसरा तुकडा होता. दोन्ही एकमेकांना लावले तर बसले. फट राहिली नाही. तेराच्या खाली पंधरा होता, ताई. चौदा त्याच्याखाली. तुमचा एकही आकडा चुकीचा नव्हता.

ते दोन्ही तुकडे मी पूनम मॅडमच्या कपाटात कुलपात ठेवून आलो. त्यांना अजून काय ते सांगितलेलं नाही, 'महत्त्वाचं आहे' एवढंच सांगितलं. तुम्हाला आधी कळावं असं वाटलं.

सखूबाईला काल सांगितलं. ती कांदे निवडत होती. मग म्हणाली, "चौदा वर्सं माझ्या शेजारी निजलास आन् बोलला न्हाईस. त्या नोकरीचं मीबी खाल्लंय." त्यानंतर तिनं कांदे तसेच ठेवले आणि आत जाऊन बसली.

हे सगळं असं आहे. याच्यापलीकडं माझ्याकडं काही नाही. माफ करा म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

आपला,
खंडू कोळपे

⁂

कवठे येमाई
२३ मार्च २०२५

स्नेहलताई यांस,

तुमचं पत्र होळीच्या आधी मिळालं. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मला वाचायला सोपं गेलं असतं. तुम्ही लिहिलंत: "माझ्यासाठी काही करू नका. मी आता परत त्या खोलीत जाणार नाही. डिपार्टमेंटला सांगायचं ते सांगा, कारण ते बरोबर आहे. पण माझे वडील २०१४ साली गेले. मी घरी आल्यापासून ते जाईपर्यंत त्या विषयावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी कॉपी करताना सापडले असं गावात बोललं जायचं, ते त्यांनी ऐकलेलं होतं. आता त्यांना सांगता येत नाही. आई आहे. नानगावला जाऊन तिला तुमच्या तोंडानं सांगा. मी बरोबर येणार नाही."

दोन्ही कामं केली. त्याचं लिहितो.

आधी पुण्याला गेलो. पूनम मॅडमना सगळं सांगितलं, त्यांनी ते टाइप करून घेतलं आणि मी सही केली. मुळाचे दोन्ही तुकडे त्यांनी भिंगाखाली लावून बघितले. म्हणाल्या, "काका, याला आता दुसऱ्या पुराव्याची गरज नाही, तरी लाकडाचं वय काढून घेऊ." ते यायला वेळ लागेल. तुमची मोजणी बरोबर होती असं पत्र डिपार्टमेंटच्या कागदावर त्या काढणार आहेत, आणि अनुपमा मॅडमनी पुढं छापलेल्या लेखातून जे दोन मीटर गाळले होते ते तुमच्या आकड्यांसकट, तुमच्या नावानं परत घालायचे असं म्हणाल्या. तुम्हाला हवं असेल तरच. मी म्हणालो, त्यांना विचारूनच करा.

मग अनुपमा मॅडमच्या घरी गेलो. त्या आता एकट्याच असतात, कानाला मशीन लावतात. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मशीन काढून टेबलावर ठेवलं. परत लावलं.

"खंडू, तू त्या दिवशी 'माहीत नाही' म्हणाला असतास तर मला सगळं बोअर नव्यानं घ्यावं लागलं असतं. रिपोर्ट पंधरा दिवसांवर होता. तू 'बरोबर' म्हणालास आणि मला हायसं वाटलं. ते मला तेव्हाच कळलं होतं, की मला हायसं वाटलंय."

मी म्हणालो, "मॅडम, खोटं मी बोललो."

"हो. पण मी एकदाच विचारलं. मुलगी तीनदा मोजून सांगत होती, आणि मी तुला दुसऱ्यांदा विचारलं नाही."

त्यांनी तुमचा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हणालो, त्यांचं 'हो' आलं तर देईन. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे." निघताना दारापर्यंत आल्या.

नानगावला मागच्या गुरुवारी गेलो. शिरूरवरून न्हावऱ्याची एस.टी., तिथून पारगावपर्यंत दुसरी, पुढं चालत. गुऱ्हाळांचा वास सगळीकडं. भीमेत पाणी होतं, पण हिरवं. तुमचे भाऊ रविराज रानात होते. तुमच्या आई भामाबाई ओट्यावर एकट्याच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, पुण्याला तुमच्या डिपार्टमेंटला होतो म्हणून सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि बसायला पोतं दिलं.

मी पाइपांचं सांगितलं. त्यांना कळावं म्हणून ओट्यावरच ज्वारीचे चार ढीग केले, एकाच्या खाली एक, आणि दाखवलं की मी मधल्या दोघांची नावं कशी उलटी लिहिली. मीटिंगमध्ये काय बोललो तेही सांगितलं. त्या ढिगांकडं बघत होत्या.

म्हणाल्या, "म्हंजी माझी पोरगी खरं बोलत हुती."

"व्हय."

"ते आमाला ठावं हुतं."

मला वाटलं आईचं काळीज बोलतंय. तसं नव्हतं. त्या पुढं म्हणाल्या, "ह्ये पुन्याला जाऊन आल्ते. पोरगी घरी आल्यावर म्हैनाभरानं. तिला सांगितलं न्हवतं. दौंडला जातो म्हनून निघाले आन् पुन्याला गेले."

ताई, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की याच्यापलीकडं माझ्याकडं काही नाही. ते खोटं होतं. हे एक ठेवलं होतं. तुमच्या आईला पण सांगणार नव्हतो. सांगून आता काय, असं मी मनाशी ठरवून गेलो होतो.

सप्टेंबर २०११ मध्ये तुमचे वडील, आप्पा, डिपार्टमेंटला आले होते. सायकल स्टँडजवळ मी एकटा होतो. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मला म्हणाले, "तुमी शिरूरकडचे ना? मघा कुनाशी बोलताना ऐकलं." मी व्हय म्हणालो. म्हणाले, "मी स्नेहलचा बाप. सायेब लोकांना इचारून मला त्यातलं कळायचं न्हाई. तुमी आपल्याकडचे, म्हनून तुमाला इचारतो. माझ्या पोरीनं खोटं केलं का?"

माझी पर्मनंटची ऑर्डर खिशात होती. खरंच खिशात होती. बँकेत द्यायला निघालो होतो.

मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय, आप्पा. मी सामान उचलनारा मानूस."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी त्यांच्या पायांकडं बघत होतो. मग "बरं" म्हणाले आणि गेले. पाणी प्या असंही मी म्हणालो नाही.

चौदा वर्षं मी हे असं धरून चाललो होतो, की माझ्या त्या उत्तरानं तुमच्या बापाचा तुमच्यावरचा विश्वास गेला. नंबर चुकला ती चूक होती. मीटिंगमध्ये खोटं बोललो ते पोटासाठी. पण त्या माणसाला मी हात हलवत परत पाठवलं त्याला मला काही नाव सापडत नाही. म्हणून लिहिलं नव्हतं.

भामाबाई बोलत होत्या. "सांजच्याला आले. मी इचारलं, काय झालं. तर म्हनले, तितं एक आपल्याकडचा मानूस भेटला. त्यो 'केलं' म्हनला न्हाई आन् 'न्हाई केलं' बी म्हनला न्हाई. पर वर बघत न्हवता. आपली पोरगी खोटी असती तर त्यानं माझ्याकडं बघितलं असतं. दुसऱ्याच्या चुकीला कुनी खाली बघत न्हाई. पोरगी खरी हाय, म्हनले."

मी सांगितलं, त्यो मानूस मीच.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मी या वेळी मान खाली घातली नाही, पण फार कठीण गेलं.

मी विचारलं, मग आप्पांनी ताईंना का नाही सांगितलं? तुमच्या आई म्हणाल्या, "लाजले. म्हनले, मी इचारायला गेल्तो ह्येच तिला कळाया नको. बाप असून परक्या मानसाला इचारत गेला, म्हंजी मनात शंका आलीच ना. तिला ती शंका दिसंल आन् बाकी काय दिसायचं न्हाई. म्हनून त्यो विषयच काढला न्हाई कदी. मलाबी शपथ घातली हुती." आणि मग, "गावात कोन काय बोललं तर मातर उटून जायाचे. पारावर बसायचं सोडलं त्यांनी ते त्येच्यामुळं. तिच्या लाजेनं न्हवं."

तुम्हाला वाटत आलं की ते तुमच्याशी बोलत नव्हते. ते त्यांच्या स्वतःच्या त्या पुण्याच्या फेरीबद्दल बोलत नव्हते.

मी उठलो तेव्हा भामाबाईंनी ज्वारीचे चारही ढीग हातानं एकत्र केले आणि सुपात घेतले. मी पायरी उतरल्यावर म्हणाल्या, "तिला तुमीच लिवा ह्ये. मी शपथ मोडली, आता तिच्याम्होरं परत मोडायची ताकद न्हाई." त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. नाहीतर हेही मी ठेवलंच असतं की काय, सांगता येत नाही. माझा मलाच भरवसा उरलेला नाही.

परतीच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली. न्हावऱ्याला उतरायचं ते चुकलं, शिरूरपर्यंत तसाच बसून राहिलो. मग कळलं की गाडी थेट शिरूरचीच होती. थकलोय, ताई. आता काही लपवायचं शिल्लक नाही म्हणून हलकं वाटेल असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. नुसतं थकल्यासारखं वाटतं. कांदा काढायला आलाय, उद्यापासून ते बघायचं.

पूनम मॅडमना काय कळवायचं आणि अनुपमा मॅडमना पत्ता द्यायचा की नाही, ते तुम्हाला वाटेल तेव्हा, वाटेल तसं कळवा. नाही कळवलंत तरी चालेल. मी परत लिहिणार नाही.

नानगावला एकदा जाऊन या. तुमच्या आईला आप्पांबद्दल बोलायचं आहे.

पुण्याच्या त्या फेरीनंतर तुमच्या वडिलांनी तुम्हाला एक दिवसही खोटं मानलं नाही. हे तुमच्या आईनं सांगितलं आहे. माझा शब्द असता तर विश्वास ठेवू नका म्हणालो असतो. हा त्यांचा आहे, म्हणून विश्वास ठेवा.

खंडू भिवाजी कोळपे